श्रीरामपूर मिशन : हुगळीकाठी छापलेले मराठी वचन

महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या स्मरणिका चाळल्या, तर आपला इतिहास बहुतेक ठिकाणी १८१३ पासून सुरू झालेला दिसतो. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. तारीख बरोबरच आहे. पण मराठी पवित्र शास्त्राची हकिकत त्याच्या आठ वर्षे आधी सुरू झाली होती, आणि तीही मराठी मुलखापासून फार दूर, कोलकात्याच्या उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर, हुगळीच्या पश्चिम तीरावरच्या श्रीरामपुरात. (आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले श्रीरामपूर वेगळे, नावामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो, म्हणून सांगितले.) तिथे १८०५ साली मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत छापून निघाले. त्याआधी गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ रचले होते आणि ते १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलेही गेले होते. पण तो ओवीबद्ध ग्रंथ आहे, शास्त्राचे भाषांतर नव्हे. शास्त्र जसे आहे तसे मराठी माणसाच्या हातात द्यायचे, ही धडपड प्रथम बंगालात झाली.

श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि त्याचे कागदोपत्री नाव फ्रेडरिक्सनगर होते. मिशनने हेच गाव का निवडले याला कारण आहे. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या हद्दीत मिशनरी नको होते. धर्माची चर्चा सुरू झाली की व्यापार आणि राज्य दोन्ही अडचणीत येतील, ही भीती. विल्यम केरी १७९३ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला पोहोचला तो परवान्याशिवाय. नॉर्थॅम्प्टनशायरमधला हा माणूस व्यवसायाने चांभार. जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला आणि पुढे बाप्टिस्ट मंडळीचा पाळक झाला. बंगालात पहिली काही वर्षे त्याने माल्दाकडच्या मदनाबाटीच्या निळीच्या कारखान्यावर देखरेखीची नोकरी करून काढली. तिथेच त्याचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला आणि पत्नी डोरोथीचे मन कायमचे बिघडले. तिथेच बंगाली भाषांतर आकाराला आले आणि एक लाकडी छापयंत्रही आले. त्याभोवती जमलेले गावकरी म्हणत, हा साहेबांचा देव आहे.

१७९९ मध्ये जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड आले. कंपनीच्या मुलखात त्यांना थारा मिळण्याची चिन्हे नव्हती, म्हणून ते श्रीरामपुरात उतरले. डॅनिश गव्हर्नर ओले बी यांनी त्यांना आश्रय दिला. १० जानेवारी १८०० रोजी केरीही आपले कुटुंब आणि छापयंत्र घेऊन तिथे आला. मिशनची स्थापना याच दिवसापासून धरतात. मार्शमन शाळामास्तर, वॉर्ड मुद्रक, केरी भाषांतरकार. तिघांनी ठरवले, जेवण एकत्र, खर्च एकत्र, आणि प्रत्येकाची मिळकत मिशनच्या पेटीत. केरी कलकत्त्याला कंपनीच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगालीचा शिक्षक झाला तेव्हा त्याला दरमहा पाचशे रुपये मिळू लागले, पुढे प्राध्यापक झाल्यावर हजार. तो पगार, मार्शमन पतिपत्नींच्या शाळांचे उत्पन्न आणि छापखान्याची कमाई, यावरच मिशन मुख्यतः उभे राहिले. १८०५ च्या ऑक्टोबरात त्यांनी आपल्या कामाचे अकरा कलमांचे एक करारपत्र लिहून काढले आणि ते प्रत्येक ठाण्यावर वर्षातून तीनदा वाचावे असा नेम केला. शास्त्राचे भाषांतर हे त्यातले एक मुख्य कलम.

बंगाली नवा करार फेब्रुवारी १८०१ मध्ये छापून पुरा झाला. बांधलेली पहिली प्रत प्रभुभोजनाच्या मेजावर ठेवून सगळ्यांनी, नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या कृष्ण पाल सुताराच्या कुटुंबासह, देवाचे उपकार मानले. मुद्दाम सांगतो, कारण या माणसांची शास्त्रावरची श्रद्धा त्या मेजावर दिसते. त्यांना पुस्तक छापल्याचा आनंद नव्हता, वचन बंगालीत आल्याचा आनंद होता. हे वचन देवाचे आहे, राज्ये येतील-जातील, माणसे मरतील, ते टिकेल, अशी त्यांची खात्री. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायात जे सांगितले आहे ते त्यांच्यासाठी रोजच्या व्यवहारातले सत्य होते. आणि म्हणूनच ते आपल्या भाषांतराला कधी पूर्ण झाले असे म्हणाले नाहीत. केरीच्या हयातीत बंगाली नव्या कराराच्या आठ आवृत्त्या निघाल्या. प्रत्येक आवृत्तीत त्याने पुन्हा मूळ ग्रीक उघडले, पुन्हा पंडितांना विचारले, पुन्हा वाक्ये मोडून बांधली. आठवी आवृत्ती १८३२ सालची. तेव्हा तो सत्तरी ओलांडून गेला होता. सत्य बदलत नाही असे मनापासून मानणारा माणूस आपल्या शब्दांत फेरफार करायला घाबरत नाही. शास्त्राचे सत्य आणि आपण केलेले भाषांतर यांतला फरक केरीला ठाऊक होता. पुढच्या काळात आपल्याच मंडळ्यांमध्ये जुन्या भाषांतराच्या एकेका शब्दावरून जी भांडणे झाली, ती पाहता हा फरक आम्हाला नेहमीच ठाऊक होता असे म्हणवत नाही.

आता मराठीकडे. १८०३ ते १८०५ या काळात इंग्रज आणि मराठे यांचे युद्ध चालू होते. कंपनीला मराठी जाणणारे अधिकारी हवे होते. त्यामुळे फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीचा वर्ग उघडला आणि तो केरीकडे आला. केरी स्वतः मराठी मुलखात कधीच गेला नाही. त्याला मराठी शिकवली कॉलेजातले मुख्य मराठी पंडित वैजनाथ यांनी. वैजनाथ पंडित नागपूरकडचे. १८०५ मध्ये केरीचे मराठी व्याकरण निघाले. त्याच्या प्रस्तावनेत या पंडितांचे ऋण त्याने मोकळेपणाने मानले आहे. १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश आला. पुढे वैजनाथांनी स्वतः ‘सिंहासन बत्तिशी’, ‘हितोपदेश’ आणि रामराम बसूंच्या बंगाली पुस्तकावरून ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ ही मराठी पुस्तके केली आणि ती श्रीरामपुरातच छापली गेली. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या पुस्तकांचा उल्लेख हटकून येतो. मंडळीच्या इतिहासात मात्र वैजनाथांचे नाव येत नाही, आणि ही आपली मोठी चूक आहे. त्यांच्याच मदतीने मत्तयचे शुभवर्तमान मराठीत आले, १८११ मध्ये नवा करार पुरा झाला आणि १८२० च्या सुमारास जुना करारही संपला. जन्माने, आचाराने हिंदू असलेल्या एका शास्त्रीबुवांच्या तोंडून येशूची वचने प्रथम मराठीत उमटली. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. तरी प्रत्येक वाक्य मराठी माणसाला कळेल का, हे सांगण्याचे काम त्यांनी इमानाने केले.

छापखान्यात हे काम कसे चाले, याचे वॉर्डने इंग्लंडातल्या एका नातेवाइकाला लिहिलेल्या पत्रात वर्णन आहे. आत शिरले की एका खोलीत वॉर्ड स्वतः कागदपत्रांत बुडालेला. पलीकडे पंडित आपापल्या भाषेत भाषांतर करत किंवा प्रुफे तपासत बसलेले. खिळ्यांच्या पेट्या ओळीने मांडलेल्या : अरबी, फारसी, नागरी, तेलुगू, पंजाबी, बंगाली, मराठी, चिनी, उडिया, ब्रह्मी, कानडी, ग्रीक, हिब्रू आणि इंग्रजी. जुळारी हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती, सगळे एकाच दालनात. त्यापुढे चौघेजण छापयंत्र ओढताहेत, काही जण ताव घड्या घालताहेत, बांधणीवाले वेगळे, खिळे ओतणारे वेगळे, शाई करणारे वेगळे, आणि मागच्या आवारात कागदाचा कारखाना. खिळ्यांच्या साच्यांचे काम पंचानन कर्मकारांनी सुरू केले. चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली बंगाली खिळे कोरलेला हा कारागीर श्रीरामपुरात आला आणि त्याच्यानंतर त्याचा जावई मनोहर याने तो वारसा चालवला. चौदा भाषांतले वचन या लोहार घराण्याच्या छिन्नीतून गेले आहे.

मराठीसाठी श्रीरामपूरने मोडी लिपीचे खिळे पाडले आणि नवा करार मोडीत छापला. हेतू चांगला होता. बाजारात, कचेरीत, घरच्या पत्रव्यवहारात मराठी माणूस मोडी लिहितो, तेव्हा शास्त्रही मोडीतच असावे. पण यात एक गोष्ट निसटली. आपल्याकडे पोथी बालबोधात असते आणि हिशेब मोडीत. ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत वाचणाऱ्या माणसाच्या हातात मोडीतले शास्त्र आले, तर ते त्याला दप्तरातल्या कागदासारखे वाटणार. शिवाय मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि अक्षरे एकात एक गुंतलेली असतात. लिहिणाऱ्याला ती सोयीची, मोठ्याने वाचणाऱ्याला अवघड. वाक्यरचनाही नागपुरी वळणाची आणि संस्कृताच्या भाराने जड. मुंबईच्या मिशनऱ्यांना हे भाषांतर कोकणात आणि देशावर चालण्यासारखे वाटले नाही. त्यांनी नव्याने काम हाती घेतले आणि १८२६ मध्ये आपला मराठी नवा करार बालबोधात छापला.

श्रीरामपूरची उणीव झाकण्याचे कारण नाही. एकाच वेळी किती भाषांत हात घालावा याचे भान त्या मंडळींना राहिले नाही. सगळे शास्त्र किंवा त्याचा काही भाग त्यांनी चाळीसच्या आसपास भाषांत नेला. बंगाली, उडिया, हिंदी, मराठी, संस्कृत आणि आसामी या भाषांत संपूर्ण. त्यांतली बरीच भाषांतरे तीस-चाळीस वर्षांत पुन्हा करावी लागली. फ्रेंच धर्मोपदेशक अबे द्युबुआ यांनी १८२३ मध्ये या भाषांतरांवर कडक टीका केली आणि त्यातली काही अगदी रास्त होती. तरीही माझे मत असे की, ती घाई नसती तर अनेक भाषांत सुरुवातच झाली नसती. सुधारायला तरी आधी काही हातात असावे लागते.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. वॉर्ड कचेरीत बसला होता. धूर दिसताच त्याने दारे-खिडक्या बंद करवल्या, म्हणजे हवा न मिळून आग दबेल. पण कुणीतरी खिडकी उघडली आणि ज्वाळा उसळल्या. मध्यरात्रीपर्यंत छप्पर कोसळले. चौदा भाषांचे खिळे वितळले, इंग्लंडहून आलेला कागद जळला, आणि केरीचा अनेक भाषांचा मोठा कोश, पंजाबी आणि तेलुगू व्याकरणांची हस्तलिखिते, भाषांतरांचे कागद राख झाले. केरी त्या रात्री कलकत्त्यात होता; दुसऱ्या दिवशी सकाळी मार्शमनने जाऊन त्याला सांगितले. पुढच्या रविवारी केरीने सेहेचाळिसाव्या स्तोत्रावर उपदेश केला. मग मित्रांना लिहिले की त्याच रस्त्याने दुसऱ्यांदा जाताना चाल अधिक सोपी आणि पक्की होते. राखेत शोधताना खिळ्यांचे मूळ ठसे आणि साचे शाबूत सापडले. वितळलेले शिसे गोळा करून पुन्हा ओतकाम सुरू झाले. बातमी इंग्लंडला पोहोचल्यावर सुमारे पन्नास दिवसांत दहा हजार पौंडांची भरपाई जमली. वर्ष संपता संपता बहुतेक भाषांची छपाई पुन्हा चालू होती.

त्याच वर्षी कलकत्त्यात आणखी एक गोष्ट घडली, जिचा मराठी मंडळीशी थेट संबंध आहे. अमेरिकेहून मिशनऱ्यांची पहिली तुकडी दोन जहाजांनी निघाली होती. एका जहाजावर अडोनायराम जडसन. श्रीरामपूरचे बाप्टिस्ट भेटतील, त्यांच्याशी बाप्तिस्म्यावर वाद करावा लागेल, म्हणून त्याने प्रवासात ग्रीक नवा करार घेऊन अभ्यास आरंभला आणि अभ्यासाअंती स्वतःच बाप्टिस्ट झाला. ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्याच्या लालबाजारच्या मंडळीत वॉर्डने त्याला बाप्तिस्मा दिला. ज्यांनी पाठवले त्यांचा आधार यामुळे तुटणार हे त्याला माहीत होते. पुढे तो ब्रह्मदेशात गेला. दुसऱ्या जहाजाने आलेले हॉल आणि नॉट ऑगस्टमध्ये कलकत्त्याला पोहोचले. कंपनी सरकारने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. ते तिथून निसटून मुंबईला गेले आणि आपल्या मराठी मिशनचे संस्थापक ठरले. त्यांचे मत बदलले नाही, ते आपल्या काँग्रिगेशनल परंपरेतच राहिले. बाप्तिस्म्याच्या वादात शिरण्याची ही जागा नव्हे. मला इथे एवढेच दिसते की या तरुणांनी आपल्या मंडळीच्या सवयीपेक्षा शास्त्राला वरचे स्थान दिले आणि त्याची जी किंमत पडली ती चुकती केली.

शास्त्र बंगालीत छापल्यावर त्याचे काय होते, हे वॉर्डने फार लवकर अनुभवले. रामकृष्णपूर नावाच्या गावात त्याने बंगाली नव्या कराराची एक प्रत एका दुकानात ठेवली, ज्याला वाचता येईल त्याने गावाला वाचून दाखवावी म्हणून. मिशनरी पुन्हा तिकडे फिरकले नव्हते. काही काळाने त्या गावची काही माणसे स्वतः श्रीरामपूरला चालत आली. त्या झिजलेल्या प्रतीतून त्यांना ख्रिस्ताची ओळख झाली होती.

१८१८ मध्ये केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी श्रीरामपूर कॉलेज काढले. त्याच वर्षी ‘समाचार दर्पण’ हे बंगाली वृत्तपत्र निघाले. कॉलेज ख्रिस्ती आणि इतर मुलांसाठी खुले होते आणि अभ्यासात संस्कृत व पाश्चात्त्य विज्ञान दोन्ही. १८२७ मध्ये डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने पदव्या देण्याची सनद दिली. वॉर्ड १८२३ मध्ये, केरी ९ जून १८३४ रोजी आणि मार्शमन १८३७ मध्ये वारले. तिघेही श्रीरामपूरच्याच मातीत आहेत. १८४५ मध्ये डेन्मार्कने गाव इंग्रजांना विकले आणि छपाईचे काम हळूहळू कलकत्त्याच्या बाप्टिस्ट मिशन प्रेसकडे गेले. तिथल्या येट्स आणि वेंगर या मिशनऱ्यांनी बंगाली आणि संस्कृत शास्त्राच्या सुधारणा पुढे नेल्या.

या संस्कृत परंपरेशी एका मराठी बाईची गाठ पडली. १८७८ मध्ये वीस वर्षांच्या रमाबाई डोंगरे भावासह कलकत्त्यात आल्या. तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. एका ख्रिस्ती मेळाव्यात त्यांना संस्कृत शास्त्राची प्रत मिळाली. त्यांनी वाचून पाहिली, पण ते संस्कृत त्यांना परके वाटले आणि त्यांनी ती बाजूला ठेवली. पुढे बिपिनबिहारी मेधावींशी लग्न होऊन सिल्चरला राहत असताना लूकचे बंगाली शुभवर्तमान घरातच हाती लागले, आणि ते त्यांना भावले. विद्वानांसाठी सजवलेले शास्त्र बाजूला राहिले आणि घरगुती बंगालीतले मनात गेले, हे रमाबाई कधी विसरल्या नाहीत असे त्यांच्या पुढच्या कामावरून वाटते. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याच्या अखेरच्या दीड-दोन दशकांत त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण शास्त्र मराठीत केले, तेही खेड्यातल्या थोडे शिकलेल्या बाईला कळेल अशा मराठीत. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या मुक्तीतल्याच मुली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये छापून निघाला. वैजनाथ पंडितांपासून पंडिता रमाबाईंपर्यंत सव्वाशे वर्षांत मराठी शास्त्राची भाषा पार बदलली. केरीच्या मोडी प्रतीतला ख्रिस्त आणि मुक्तीच्या प्रतीतला ख्रिस्त एकच आहे, हे दोन्ही समोर ठेवून वाचणाऱ्याला सहज दिसेल.

श्रीरामपूर कॉलेज आजही त्याच नदीकाठच्या इमारतीत चालू आहे. ईश्वरविज्ञानाच्या आधुनिक पदव्या तिथून १९१५ पासून दिल्या जाऊ लागल्या, आणि १९१८ च्या बंगालच्या कायद्याने त्या कामासाठी सेनेट नेमले गेले. पुण्याचे युनियन बिब्लिकल सेमिनरी याच सेनेटशी संलग्न आहे. तिथून शिकून आपल्या मंडळ्यांत आलेल्या पाळकांच्या पदवीवर श्रीरामपूरचे नाव असते.

वाचकांना दोन विनंत्या. कोलकात्याला जाणे झाले तर हावड्याहून लोकलने श्रीरामपूरला जाऊन या. कॉलेजच्या आवारातले केरी ग्रंथालय आणि संग्रहालय पाहा, तिथे या भाषांतरांच्या जुन्या प्रती जपल्या आहेत. आणि आपल्या घरात, आजोबा-पणजोबांच्या पेटीत, मोडीतले किंवा जुन्या छपाईचे मराठी शास्त्र असेल, तर ते रद्दीत किंवा नदीत जाऊ देऊ नका. पहिल्या पानावर कुणाच्या जन्माची, बाप्तिस्म्याची, लग्नाची नोंद असेल तर ती उतरवून ठेवा आणि प्रत आपल्या मंडळीच्या कार्यवाहांकडे जपणुकीसाठी सोपवा.